वॉर्डातून आरोग्य-माहिती तंत्रज्ञानाकडे: परिचारिकेने ही वाट कशी धरावी

डॉक्टरांनी संगणकावर ‘सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम, शिरेतून, दिवसातून दोनदा’ अशी ऑर्डर टाकली की अनेक रुग्णालयांतील प्रणाली तिला सकाळी ८ आणि रात्री ८ अशा वेळा आपोआप लावतात. रुग्णाला मात्र पहिला डोस दुपारी अडीच वाजता कॅज्युअल्टीतच दिलेला असतो. त्याची नोंद कॅज्युअल्टीच्या वेगळ्या स्क्रीनवर राहते, आणि वॉर्डातील औषधपत्रकावर रात्री ८ चा चौकोन ‘डोस बाकी’ म्हणून लाल होतो. दोन डोसांमध्ये बारा तासांऐवजी साडेपाच तासांचे अंतर पडते. अनुभवी सिस्टर कॅज्युअल्टीला फोन लावून खात्री करते आणि डोस पुढे ढकलते. नवी मुलगी लाल चौकोन पाहून इंजेक्शन भरते. प्रणाली लिहिणारा अभियंता कितीही हुशार असला तरी ही गोष्ट त्याला टेबलापाशी बसून सुचत नाही, कारण रुग्ण कॅज्युअल्टीतून वॉर्डात येताना त्याच्याबरोबर काय काय येते आणि काय मागे राहते, हे त्याने पाहिलेले नसते.

हे ज्ञान असलेल्या माणसांची आरोग्य-माहिती तंत्रज्ञानाला, म्हणजे रुग्णालयांच्या संगणक प्रणाली घडवणाऱ्या क्षेत्राला, गरज आहे, आणि ते बहुतांशी परिचारिकांकडे आहे. म्हणून या लेखाचा मुख्य मुद्दा आधीच सांगते: या क्षेत्रात येण्यासाठी परिचारिकेने नोकरी सोडून, पदरचे पैसे घालून प्रोग्रॅमिंगचा वर्ग लावण्याची घाई करू नये. वाट वॉर्डातूनच सुरू होते आणि पहिली दोन-तीन पावले हातातील नोकरी सांभाळूनच टाकायची असतात.

हे नवे खूळ नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील मृत्यूंची कारणे आकृतीतून मांडली होती आणि सर्व रुग्णालयांनी एकसारख्या पद्धतीने आकडेवारी ठेवावी असा आग्रह धरला होता. अमेरिकेच्या परिचारिका संघटनेने १९९२ मध्ये नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सला, म्हणजे परिचर्येतील माहितीशास्त्राला, स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१ मध्ये राजपत्रात आलेला बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम हा विषय पदवीच्या पहिल्याच टप्प्यात शिकवतो. त्याआधी शिकलेल्या हजारो जणींना तो कुणी शिकवला नाही, आणि हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: नेमके कोणते काम हवे ते ठरवा

‘मला आयटीत जायचे आहे’ एवढ्या वाक्यावर कोणी काम देत नाही, कारण या नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेली पाच-सहा कामे मोडतात. त्यांतील कोणते काम आपल्या स्वभावाला आणि घराच्या रचनेला मानवेल, याचा विचार आधी करावा.

परिचारिकांना सर्वाधिक सहज मिळणारे काम म्हणजे इम्प्लिमेंटेशन. रुग्णालय नवी प्रणाली विकत घेते, तेव्हा ती बसवणाऱ्या चमूला वॉर्डांची रचना, खाटांचे क्रमांक, औषधांची यादी, तपासण्यांचे संच, नर्सिंगचे तक्ते हे सर्व प्रणालीत भरावे लागते. त्यानंतर प्रत्येक पाळीतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे लागते आणि प्रणाली सुरू होते त्या दिवशी, म्हणजे ‘गो-लाइव्ह’ला, वॉर्डात उभे राहून अडचणी सोडवाव्या लागतात. परिचारिकेला परिचारिकेने शिकवले तर ती ऐकते. हा साधा अनुभव कंपन्यांना ठाऊक असल्यामुळे येथे आपल्याला प्राधान्य मिळते. या कामात फिरती पुष्कळ असते. एकेका गावी काही आठवडे मुक्काम पडतो आणि गो-लाइव्हच्या काळात रात्रपाळीही चुकत नाही. घरी लहान मूल असेल तर हे आधीच नीट विचारून घ्यावे.

बिझनेस ॲनालिस्टचे काम यापेक्षा स्थिर असते. रुग्णालयाला काय हवे ते समजून घेऊन अभियंत्यांना कळेल अशा काटेकोर भाषेत लिहून देणे, हा त्याचा गाभा. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा नाही आणि ‘असे झाले तर काय?’ हा प्रश्न ज्यांच्या मनात सतत उमटतो, त्यांनी हे काम निवडावे. माझ्या मते परिचारिकेच्या ज्ञानाचा सर्वांत खोल उपयोग इथेच होतो. सॉफ्टवेअर टेस्टिंग त्याच्या शेजारचेच: प्रणाली कुठे चुकते ते शोधणे. सुरुवातीच्या औषधपत्रकातील दोष चांगल्या टेस्टरने रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडायचा असतो.

रुग्णालयाच्या आत राहूनही हे काम करता येते. मोठ्या खासगी रुग्णालयांत ईएमआर (इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदी) समन्वयक किंवा नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स अशा नावाची पदे असतात. दिल्लीच्या एम्सने आपल्याच नर्सिंग अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी सोपवली. गुणवत्ता विभागात निर्देशकांची आकडेवारी सांभाळणे हेही याच वाटेवरचे काम आहे.

मेडिकल कोडिंगची जाहिरात सर्वांत जास्त दिसते, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी वाचून त्यांना विम्यासाठी निदान आणि उपचारांचे संकेतांक लावण्याचे हे काम आहे आणि त्यासाठी एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी ही कोडिंगची परीक्षा मान्यताप्राप्त आहे. नोकरी मिळू शकते आणि शरीररचना व आजार माहीत असल्याने परिचारिकेला अभ्यास सोपा जातो. परंतु दिवसभर एकट्याने नोंदी वाचत संख्या गाठायची असते, आणि तेथून प्रणालीच्या रचनेकडे वळणे आपोआप घडत नाही. कोडिंग करायचे तर ते कोडिंग म्हणूनच निवडावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना किंवा कॅशलेस विम्याच्या टेबलावर काम केलेल्या सिस्टरला मात्र पूर्वमंजुरी, कागदपत्रे आणि विमा कंपनीच्या शंका यांचा जो सराव असतो, तो दाव्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत फार उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: आपल्याच वॉर्डात सुरुवात करा

पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखे जे काही लागेल, ते जवळपास सारे सध्याच्या नोकरीत मिळवता येते. त्यासाठी इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रन यांच्याशी मोकळेपणाने बोलून जबाबदारी मागून घ्यावी लागते.

नवी प्रणाली किंवा नवा फॉर्म येणार असेल तेव्हा प्रत्येक वॉर्डातून एक-दोन ‘सुपर युजर’, म्हणजे ती आधी शिकून इतरांना मदत करणाऱ्या जणी, निवडतात. बहुतेक जणी हे वाढीव काम म्हणून टाळतात. ते हात वर करून घ्या. सुपर युजरला इतरांच्या आधी प्रशिक्षण मिळते, कंपनीच्या माणसांशी ओळख होते आणि स्वीकृती चाचणीत, जिला सगळे यूएटी म्हणतात, तिच्यात बसायला मिळते. यूएटीमध्ये फक्त ‘चालते आहे’ असे सांगून उठू नये. आपल्या पाळीत खरोखर घडणारे अवघड प्रसंग तेथे चालवून पाहावेत: रुग्णाची खाट बदलली तर औषधपत्रक त्याच्याबरोबर जाते का? एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असतील तर स्क्रीनवर इशारा मिळतो का? डॉक्टरांनी ऑर्डर रद्द केली, पण औषध आधीच दिलेले असेल, तर नोंद काय दाखवते? रक्त चढवताना दर पंधरा मिनिटांच्या नोंदी करायच्या तर त्याच रुग्णाचा फॉर्म प्रत्येक वेळी नव्याने उघडावा लागतो का?

सापडलेली प्रत्येक अडचण लिहून द्यायची सवय आजपासून लावावी. ‘सिस्टीम स्लो आहे’, ‘एन्ट्री होत नाही’ या तक्रारींवर आयटी विभाग काहीच करू शकत नाही. चांगल्या नोंदीत चार गोष्टी असतात: मी कोणत्या स्क्रीनवर कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि त्यामुळे रुग्णाला कोणता धोका आहे. शेवटची बाब परिचारिकेखेरीज कोणी लिहू शकत नाही, आणि कामाचा अग्रक्रम तिच्यावरून ठरतो. सुरुवातीच्या प्रसंगाची नोंद अशी होईल: ‘कॅज्युअल्टीत दुपारी २.३० ला पहिला डोस नोंदवून रुग्ण वॉर्डात हलवला. पुढचा डोस रात्री २.३० च्या सुमारास दिसायला हवा होता, किंवा निदान आधीचा डोस वॉर्डातील पत्रकावर दिसायला हवा होता. प्रत्यक्षात रात्री ८ चा डोस देय दाखवला गेला आणि आधीच्या डोसची खूण नाही. प्रतिजैविक निम्म्याहून कमी अंतराने दुसऱ्यांदा दिले जाण्याचा धोका.’ अशा नोंदी लिहिणारी सिस्टर आयटी विभागाच्या लक्षात राहते.

तुमच्या रुग्णालयात अजून सर्व काही कागदावर असेल तरी अडत नाही. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठी लागणारे निर्देशक हे तेथील चांगले प्रवेशद्वार आहे. उदाहरणार्थ, मूत्रनलिकेमुळे होणाऱ्या संसर्गाचा दर काढण्यासाठी महिन्यातील संसर्गांची संख्या कॅथेटर-दिवसांनी (रोज मूत्रनलिका लावलेल्या रुग्णांच्या संख्येची महिन्याची बेरीज) भागून हजाराने गुणतात. दोन संसर्ग आणि ४१२ कॅथेटर-दिवस असतील तर दर ४.८५ येतो. गणित सोपे आहे. अवघड आहे ते हे ४१२ दिवस खरे आहेत की नाहीत हे ठरवणे. कॅथेटर सकाळी काढला तर तो दिवस धरायचा का? दुसऱ्या वॉर्डातून कॅथेटरसह आलेल्या रुग्णाचे आधीचे दिवस कोणाच्या खात्यात? रोज ठरावीक वेळी मोजणी होते का, की महिनाअखेरीस आठवून रजिस्टर भरले जाते? हे प्रश्न पडले आणि त्यांची उत्तरे नियम म्हणून लिहून काढली, की तुम्ही माहितीशास्त्राचे काम सुरू केलेले असते.

आणखी एक विषय फारसे कोणी हाती घेत नाही: प्रणाली बंद पडल्यावर काय करायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस नोंदणी, नमुने आणि अहवाल हाताने सांभाळावे लागले. आपल्या वॉर्डासाठी कोरी औषधपत्रके, टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) आणि इनटेक-आउटपुटचे तक्ते, तपासणीचे फॉर्म, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक आणि प्रणाली परत सुरू झाल्यावर कोणी काय भरायचे याचा क्रम असलेली एक फाइल तयार करा, ती मेट्रनना दाखवा आणि एकदा सराव घ्या.

तिसरी पायरी: शिकायचे काय आणि कोणत्या क्रमाने

आठवड्याला सहा-सात तास देता आले तर पुढील अभ्यास आठ-नऊ महिन्यांत आवाक्यात येतो. पाळ्या बदलत असल्याने रोज ठरावीक वेळ मिळणार नाही. सुट्टीच्या दिवशी सलग दोन-तीन तास बसणे अधिक जमते.

सुरुवात एक्सेलने करावी. फॉर्म्युले, फिल्टर, व्हीलुकअप, पिव्होट टेबल आणि साधे आलेख एवढे पुरे. शिकताना दुकानाच्या विक्रीचे नमुने घेऊ नयेत. पडण्याच्या घटना, बेडसोर, पुन्हा दाखल झालेले रुग्ण यांचे काल्पनिक तक्ते बनवून त्यांवर हात चालवावा.

त्यानंतर एसक्यूएल. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची ही भाषा आहे आणि परिचारिकेला प्रोग्रॅमिंगमधील एवढीच एक गोष्ट सुरुवातीला खरोखर लागते. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन यांवर पकड आली की नोकरीत लागणाऱ्या बहुतांश चौकश्या लिहिता येतात. सरावासाठी खऱ्या रुग्णांची माहिती कधीही वापरू नये, त्याची गरजही नाही. सिंथिया नावाचा मोफत प्रकल्प पूर्णपणे काल्पनिक रुग्णांच्या नोंदी तयार करून देतो. त्यात भेटी, निदाने, औषधे आणि तपासण्या सर्व काही असते. ‘मधुमेहाचे निदान असलेल्या, पण वर्षभरात एचबीएवनसीची तपासणी न झालेल्या रुग्णांची यादी’ हा प्रश्न त्यावर सोडवता आला की समजावे, पाया झाला.

प्रणाली आतून पाहण्यासाठी बाह्मनी ही मुक्त-स्रोत प्रणाली उत्तम आहे. छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी ती प्रथम उभी राहिली आणि ओपनएमआरएस या जुन्या मुक्त प्रणालीवर ती बेतलेली आहे. तिची नमुना आवृत्ती इंटरनेटवर खुली असते. नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंत एक काल्पनिक रुग्ण तिच्यात चालवून पाहा आणि आपल्या रुग्णालयातील प्रणालीशी ताडून पाहा. दोन प्रणाली एकच काम वेगवेगळ्या तऱ्हेने का करतात हे लिहून काढणे हा फार चांगला अभ्यास आहे.

मग येतात मानके, आणि या विषयावर पुरेसा वेळ द्यावा असे मला वाटते. एका प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या रुग्णालयाच्या प्रणालीला वाचता यावा, तर दोघांनी एकाच गोष्टीला एकच ओळख दिली पाहिजे. आजारांच्या वर्गीकरणासाठी आयसीडी, रुग्णाच्या नोंदीतील वैद्यकीय संकल्पनांसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी डायकॉम, आणि ही सर्व माहिती एका प्रणालीकडून दुसरीकडे पाठवण्यासाठी एचएल७ संस्थेचे फायर, अशी ही मंडळी आहेत. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके प्रथम २०१३ मध्ये आणि सुधारून २०१६ मध्ये जाहीर केली. मराठी वाचकांसाठी विशेष बाब अशी की या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. भारत स्नोमेड सीटीचा सदस्य असल्याने तिचा परवाना येथे मोफत मिळतो. घरबसल्या स्नोमेडचा ब्राउझर उघडून ‘छातीत दुखणे’ शोधा आणि त्याखाली किती बारकावे मांडले आहेत ते पाहा. केस-शीटवर आपण एका शब्दात उरकतो त्यात किती माहिती दडलेली असते ते तेव्हा जाणवते.

शेवटी आयुष्मान भारत डिजिटल मिशन. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या मोहिमेत नागरिकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, रुग्णालयांची आणि आरोग्य व्यावसायिकांची स्वतंत्र नोंदवही असते, आणि रुग्णाच्या संमतीने नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. सॉफ्टवेअर कंपन्यांना या जाळ्यात येण्यासाठी तीन टप्पे पार करावे लागतात: आभा तयार करणे व पडताळणे, रुग्णाच्या नोंदी त्याला जोडणे, आणि संमती घेऊन इतरांकडील नोंदी मागवणे. हे तिन्ही टप्पे नीट समजावून सांगता आले तर मुलाखतीत फरक पडतो. परिचारिकांनाही व्यावसायिकांच्या नोंदवहीत नाव नोंदवता येते, तेव्हा स्वतःपासूनच सुरुवात करावी. एनएबीएचने २०२३ मध्ये काढलेली डिजिटल आरोग्य मानके आणि त्याच वर्षीचा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा हेही वाचून ठेवावेत.

प्रमाणपत्रांविषयी

प्रमाणपत्रांवर आधी खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टेस्टिंगकडे जाणाऱ्यांसाठी आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर-चाचणी संस्थेची पायाभूत परीक्षा आणि ॲनालिस्टच्या कामासाठी आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या संस्थेची ईसीबीए या परीक्षा रीतसर आणि उपयोगी आहेत. हिम्स या आरोग्य-माहिती तंत्रज्ञानाच्या संस्थेची काहिम्स परीक्षा नवख्यांसाठी आणि सीपीहिम्स अनुभवींसाठी आहे. एपिक या अमेरिकी प्रणालीचे प्रमाणपत्र मिळवून देतो असे कोणी सांगितले तर सावध राहावे, कारण ते साधारणपणे नोकरी देणाऱ्या रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या प्रायोजकत्वाशिवाय मिळत नाही.

जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झालेल्या भगिनींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अनेक कंपन्यांच्या अर्जात पदवी ही अट असते आणि अर्ज चाळणारी यंत्रणा अनुभव पाहण्याआधीच नाव गाळते. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांत होते. ते शक्य असेल तर या बदलाच्या योजनेत धरावे. त्यापुढे शिकायचेच असेल तर दिल्लीच्या आयआयएचएमआर या आरोग्य-व्यवस्थापन संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनात आरोग्य-माहिती तंत्रज्ञान हा विशेष विषय घेता येतो. पूर्णवेळ अभ्यासक्रमापूर्वी दोन वर्षे सुपर युजर म्हणून काम झालेले असेल, तर त्या शिक्षणाचा लाभ कितीतरी पटीने वाढतो.

चौथी पायरी: दाखवण्यासारखे काम तयार ठेवा

मुलाखतीला जाताना तीन कागद बरोबर असावेत. एक, एखाद्या प्रक्रियेचा आराखडा: डिस्चार्ज ठरल्यापासून रुग्ण घरी जाईपर्यंत कोण काय करते, कुठे थांबावे लागते, कोणती माहिती दोनदा लिहिली जाते. दोन, एका स्क्रीनसाठी लिहिलेल्या वीस-पंचवीस चाचण्या. तीन, काल्पनिक माहितीवर तयार केलेला निर्देशकांचा एक अहवाल, त्यामागच्या एसक्यूएलसह. या तीन कागदांइतके वजन दुसऱ्या कशालाही येत नाही, कारण उमेदवार विचार कसा करते हे ते दाखवतात.

येथे एक बंधन कधीही मोडू नये. रुग्णाचे नाव, केस-पेपरचे छायाचित्र, स्क्रीनचा फोटो, रुग्णालयाचा अंतर्गत अहवाल यांतील काहीही बाहेर नेऊ नये. नाव खोडले तरी तारीख, वय आणि निदान यांवरून माणूस ओळखता येतो.

पाचवी पायरी: अर्ज आणि मुलाखत

परिचारिकांच्या बायोडेटात ‘रुग्णसेवा केली, औषधे दिली, डॉक्टरांना साहाय्य केले’ एवढेच लिहिलेले असते. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: अतिदक्षता विभागातील नोंदपत्रक संगणकावर आणताना परिचारिकांच्या बाजूने गरजा मांडल्या, तीनही पाळ्यांतील सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिले, औषध-नोंदीतील अमुक दोष शोधून तो दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा केला. जे केले तेच लिहावे, आणि त्याचा परिणाम काय झाला तेही.

मुलाखतीत हमखास विचारले जाते की ‘नर्सिंग का सोडता?’ थकवा, रात्रपाळ्या, तुटपुंजा पगार ही कारणे खरी असली तरी उत्तराची सुरुवात त्यांनी करू नये. एका प्रणालीतील दोष रोज शेकडो रुग्णांपर्यंत पोहोचतो आणि तो मुळाशी दुरुस्त करण्याच्या जागी मला बसायचे आहे, हे कारणही तितकेच खरे आहे. लग्न, मूल, ‘घरच्यांना चालेल का’ असले प्रश्न आले तर शांतपणे सांगावे की कामाच्या वेळा आणि फिरती कळली की मी त्याविषयी नेमके उत्तर देईन. मग उलट विचारावे: महिन्यात किती दिवस बाहेरगावी? मुक्कामाची आणि रात्री उशिरा परतण्याची सोय कोणाची? गो-लाइव्हनंतर भरपाईची सुट्टी मिळते का?

घर, पगार आणि कायद्याच्या बाजू

पहिल्या नोकरीत पगार फारसा वाढत नाही, आणि वरिष्ठ स्टाफ नर्सचा तर कधी कधी रात्रपाळीचा भत्ता धरता घटतोही. खरी वाढ पहिला पूर्ण प्रकल्प पार पाडल्यानंतर येते. म्हणून चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच हालचाल करावी, आणि हा हिशेब नवऱ्यासमोर, सासू-सासऱ्यांसमोर आकड्यांत मांडावा. ‘चांगली नर्सिंगची नोकरी सोडून हे काय’ हा घरातील प्रश्न बहुधा भीतीतून येतो, आणि आकडे समोर आले की भीती कमी होते.

राजीनाम्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. नोकरीला लागताना बॉण्ड लिहून दिला असेल तर त्याची मुदत पाहावी. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबणे शहाणपणाचे आहे. मूल होण्याचा विचार असेल तर ध्यानात ठेवावे की २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. अनुभवपत्र आणि सेवामुक्तीपत्र हातात घेतल्याशिवाय निघू नये. परदेशी जायची वेळ आली की पहिल्यांदा हीच पत्रे मागतात. शासकीय सेवेतील अधिपरिचारिकेने मात्र नोकरी सोडण्यापूर्वी आपल्याच संस्थेत संगणकीकरणाची जबाबदारी मिळते का, हे आधी अजमावावे, आणि बाहेरचा अभ्यासक्रम करायचा तर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी कोणत्याही परिस्थितीत खंडित होऊ देऊ नये. नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे निरंतर शिक्षणाचे तास नव्या नोकरीतही चालू ठेवावेत, कारण ‘नोंदणीकृत परिचारिका’ हीच या क्षेत्रातील तुमची ओळख आहे. इंग्लंडमध्ये आरोग्य सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर हा नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकच असावा लागतो, आणि परिचारिका ते पद घेऊ शकते. तेथील परिचर्या परिषद नोंदणी टिकवण्यासाठी तीन वर्षांत ४५० तासांचा सराव मागते आणि परिचर्येच्या ज्ञानावर आधारलेले प्रत्यक्ष शुश्रूषेबाहेरचे काम त्यात धरले जाते. आखाती देशांत स्टाफ नर्स म्हणून जायचा विचार अजून मनात असेल, तर तिथल्या परवान्यासाठी अलीकडचा रुग्णालयीन अनुभव मागतात, हे पाहून मगच वॉर्ड सोडावा.

नव्या जागी पहिले सहा महिने

अभियंत्यांच्या बैठकीत सुरुवातीला अर्धे शब्द कळत नाहीत. ते वहीत टिपून बैठकीनंतर विचारावेत. कोणी हसत नाही. उलट त्यांच्या तोंडी रुग्णालयाविषयी चुकीचे गृहीतक आले तर तेथेच थांबवावे. वरिष्ठांपुढे गप्प राहण्याची सवय आपल्याला विद्यार्थिदशेपासून लागलेली असते आणि या कामात ती घातक ठरते. ‘वॉर्डात असे होत नाही’ हे वाक्य म्हणावे आणि लगेच वॉर्डात कसे होते ते उदाहरण देऊन सांगावे.

इशाऱ्यांविषयी विशेष दक्ष राहावे. प्रत्येक धोक्यावर स्क्रीनवर चौकट उघडावी असे अभियंत्यांना आणि व्यवस्थापनाला वाटते. पण पाळीत शंभर चौकटी बंद करणारी सिस्टर एकशे एकावी न वाचताच बंद करते, आणि तीच महत्त्वाची असते. कोणता इशारा काम थांबवेल, कोणता फक्त रंगाने दिसेल आणि कोणता नकोच, हे ठरवताना तुमचा शब्द टिकला पाहिजे. तसेच कोणतेही नवे बंधनकारक रकाने सुचवले गेले की ते भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे आणि वॉर्डातील रुग्णसंख्येने गुणून बैठकीत मांडावे. एका रुग्णामागे दोन मिनिटे वाढली तर तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येक पाळीत तासभर जातो, आणि तो तास रुग्णाजवळच्या वेळेतूनच कापला जातो.

महिन्यातून एकदा तरी, प्रकल्प कोणताही असो, एखाद्या वॉर्डात पूर्ण पाळी उभे राहून काम पाहण्याची परवानगी मागून घ्यावी, आणि त्यातही रात्रीची पाळी निवडावी. रात्री आयटीचा माणूस नसतो, फार्मसीत एकच जण असतो, लिंक गेली तर विचारायला कोणी नसते. दिवसा झाकून राहणाऱ्या त्रुटी तेव्हा उघड्या पडतात, आणि त्या ओळखायला नर्सिंग केलेलीच नजर लागते.